आरशावरचा थेंब

मित्रांनो, बिबीजानच्या परसात कधी आलात, तर विहिरीच्या कडेला माडाच्या बुंध्याला टेकवलेल्या दोन लांब पारदर्शक नळ्या तुम्हाला दिसतील. एकीला वरपासून खालपर्यंत चीर गेली आहे. दुसरीत तिच्या मुलीने, सनोबरने, खराटे उभे करून ठेवले आहेत. कोंबड्या माझ्या सावलीत बसतात आणि जाताना आपली आठवण ठेवून जातात. तो मी. आज माझ्याकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी या बंदरावरची एकही होडी, एकही रिक्षा, एकाही घरातला इन्व्हर्टर माझ्या पाण्यावाचून चालत नसे.

कागदोपत्री माझं नाव डीएम प्लांट. इथली माणसं मला 'पिलांट' म्हणत, आणि मला तेच नाव जास्त आवडे. नाव कसंही असो, काम एकच: पाण्यात विरघळलेले क्षार काढून घेणं. गाळ काढणं वेगळं, ते तुमच्या घरातलं फडकंही करतं. पण जे डोळ्यांना दिसत नाही, फडक्यात अडकत नाही आणि उकळलं तरी जात नाही, असं मीठ, चुना, लोह पाण्यात मुरून बसलेलं असतं. ते बॅटरीच्या पोटात गेलं, की आतल्या पट्ट्या हळूहळू कुजतात. म्हणून बॅटरीला लागतं ते पाणी अगदी निव्वळ असावं लागतं. ते पाणी मी करत असे.

माझा जीव नळ्यांत नव्हता, तो आतल्या दाण्यांत होता. रेझिन म्हणतात त्यांना. मोहरीएवढे, गोल गरगरीत. एका नळीत गडद तांबूस, दुसरीत मधाच्या रंगाचे. पहिल्या नळीतले दाणे पाण्यातला चुना, सोडियम, लोह धरून ठेवत आणि त्याच्या बदल्यात हायड्रोजन सोडत. दुसऱ्या नळीतले दाणे क्लोराइड आणि त्याची उरलेली भावंडं धरत आणि बदल्यात हायड्रॉक्सिल सोडत. हे दोघे एकमेकांना भेटले, की त्यांचं काय होतं ठाऊक आहे? पाणी. म्हणजे जे मी काढून घेई, त्याच्या जागी मी पाणीच परत करत असे. देण्याघेण्याचा इतका सरळ व्यवहार मी माणसांत फारसा पाहिला नाही.

काम करून करून दाणे भरत आणि दमत. मग पहिल्या नळीला आम्लाची आणि दुसरीला कॉस्टिक सोड्याची आंघोळ घातली, की पुन्हा ताजेतवाने. मात्र एक पथ्य होतं. दाणे कायम पाण्यात बुडालेले हवेत. एवढं पथ्य लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच आलं.

मला नुरुद्दीनने गोव्यातून आणलं. त्याचं जेटीजवळ बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं. तोपर्यंत बॅटरीचं पाणी घाटावरून यायचं. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, की पाणीही अडकायचं आणि होडीवाले आपले बॅटऱ्यांच्या भोकांत डोकावत बसायचे. नुरुद्दीनने ठरवलं, की पाणी इथेच करायचं. टेम्पोत माझ्या शेजारी बसून तो स्वतः मला घेऊन निघाला. गोव्याच्या हद्दीवर इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबली. तिथल्या साहेबाने पिशवीत हात घालून दाणे चिमटीत धरले.

"हे काय आहे?"

"दाणे आहेत, साहेब. पाणी धुवायचे," नुरुद्दीन म्हणाला. सरकारी माणसासमोर तो नेहमी शुद्ध बोलायचा.

"पाणी धुवायचे?"

"आपण पाण्याने कपडे धुतो ना, तसे हे पाणी धुतात."

साहेबाने आधी दाण्यांकडे, मग नुरुद्दीनकडे पाहिलं आणि गाडी सोडली. असल्या माणसाकडे तस्करी करण्याइतकी अक्कल नसावी असं त्याला वाटलं असणार. नुरुद्दीन घरी येईपर्यंत हसत होता.

मागच्या पडवीत, विहिरीला लागून, त्याने मला उभं केलं. माझ्यावर एक छोटा दिवा होता. पाणी निव्वळ असलं की हिरवा, बिघडलं की लाल. पण खाऱ्या वाऱ्याने तो दिवा दुसऱ्याच वर्षी खाल्ला. नवा आणून बसवला, तोही गंजला. मग नुरुद्दीनने आपली युक्ती काढली. दाढीचा गोल आरसा खिळ्यावरून काढायचा, माझ्या तोटीखाली धरायचा, त्यावर एकच थेंब घ्यायचा आणि आरसा उन्हात ठेवायचा. साध्या पाण्याचा थेंब वाळला, की काचेवर पांढरं कडं राहतं. जे विरघळलेलं असतं ते मागे उरतं. माझा थेंब वाळला, की मागे काही म्हणजे काही राहत नसे. काच जशीच्या तशी. पाणी न्यायला परसात आलेल्या गिऱ्हाइकाला हा खेळ दाखवल्याशिवाय तो बाटली देत नसे. देवबागचा मंगेश तांडेल तर हा खेळ बघायलाच यायचा असं वाटे. तो नुरुद्दीनचा लहानपणापासूनचा सोबती. स्वतःची होडी होती, आणि पहिली बाटली कायम त्याची.

त्याच्या बायकोला, बिबीजानला, मात्र हा आरशाचा नाद अजिबात पसंत नव्हता.

"दाढी करूच्या आरशार पाणी कित्याक शिंपडतास?" ती स्वयंपाकघरातून विचारायची. "खराब होतलो तो."

"खराब झालो तर माका सांग," नुरुद्दीन म्हणायचा आणि डोळे मिचकावायचा.

ती आरसा पुसायला घ्यायची, तर पुसण्यासारखं त्यावर काही नसायचंच. ती पदर झटकून आत जायची. त्या खेळाचा अर्थ त्याने तिला कधी सांगितला नाही आणि तिने विचारला नाही. तो वाईट माणूस नव्हता हो. उलट फार जपायचा तिला. एकदा आम्लाचा शिंतोडा त्याच्या मनगटावर उडाला आणि भाजल्याचा डाग राहिला. त्या दिवसापासून त्याने माझ्या पडवीला फळ्यांचं दार लावलं. "तू हय येव नको. हात भाजतले तुझे," असं त्याने तिला सांगून टाकलं. त्यामुळे माझी आंघोळ, माझं पथ्य, माझा आरसा, यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जेवढं दिसे तेवढंच तिला ठाऊक.

ते दिवस माझे फार चांगले गेले. बाटल्यांवर हिरव्या अक्षरात 'नूर' असं छापलेलं असे. मंगेश सगळ्या बंदरात सांगत फिरायचा, की नुरूभाईच्या पाण्यान बॅटरी मरणा नाय. मी जरा फुगून गेलो होतो, हे खरं. ज्याचं कौतुक होतं त्याने फुगू नये तर कुणी फुगावं?

मग एका जानेवारीत नुरुद्दीन दुकानातून घरी आला, माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसला, छातीवर हात ठेवला आणि पुन्हा उठला नाही.

रडता येणाऱ्यांनी रडून घेतलं. मला ते करता येत नाही. मी आपला पाण्याने भरलेला उभा होतो. घरात कुराण वाचलं जात होतं, बंदरावरची माणसं पुढच्या दाराने येत-जात होती. मंगेश मात्र मागच्या दाराने आला, बाकड्याजवळ उभा राहिला आणि आरशाकडे बघत राहिला. तो आरसा पुढे कितीतरी महिने खिळ्यावरच होता. बिबीजानने त्याला हात लावला नाही.

नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस बिबीजान घराबाहेर पडली नाही. धंदा बंद, तोटी बंद, फळ्यांचं दार बंद. वरच्या कौलांतून माझ्यावर ऊन पडे. उभ्या पाण्यात उजेड पडला, की काय होतं ते तुम्ही डबक्यात पाहिलं असेल. माझ्या पोटात हिरवं शेवाळ धरलं आणि वास येऊ लागला. पण एवढ्याने मी मरत नव्हतो. नुसतं खळखळून धुतलं असतं आणि आंघोळ घातली असती, तरी मी पुन्हा उभा राहिलो असतो.

इद्दत संपली तो मे महिना होता. बिबीजान पहिल्यांदा फळ्यांचं दार उघडून आत आली. तिने पदर नाकाला लावला आणि माझ्या नळीवर हात ठेवला. मग मागे वळून सनोबरला म्हणाली, "पाणी बंद होवचां नाय. ह्या बाटलेर तुझ्या बापाशीचां नाव आसा. ता नाव असां सडान जावक मी देवचंय नाय."

सनोबर कुडाळला एका बँकेत नोकरीला. सकाळी जायची, संध्याकाळी यायची. घर त्या पगारावर नीट चाललं असतं. बिबीजानला पैशाची ओढ नव्हती. नवऱ्याच्या नावावर बंदराचा विश्वास होता आणि तो विश्वास तिला जिवंत ठेवायचा होता. तेवढंच तिच्या हातात उरलं होतं असं तिला वाटे, आणि ते सगळं माझ्यावर अवलंबून होतं.

आता आमच्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला हवा. आगोटीचे दिवस. पावसाळ्याची बेगमी करायची म्हणून सगळं कोकण तेव्हा खळ्यात, म्हणजे अंगणात, वाळत पडलेलं असतं. कोकमाची सोलं, सुके बांगडे, फणसाची साटं, मिरच्या, गाद्या, गोधड्या. ओल धरलेल्या, वास मारणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर इथे एकच औषध: कडक ऊन. बिबीजानच्या हातचं वाळवण तर बंदरात नावाजलेलं. तिची सोलं वर्षभर काळी पडत नसत.

तिने माझं झाकण उघडलं आणि दाणे टोपल्यात काढले. विहिरीच्या पाण्याने सात-आठदा धुतले. शेवाळ गेलं, वास थोडा राहिला. मग तिने खळं सारवलं, नुरुद्दीनची धुतलेली पांढरी चादर अंथरली आणि तांबूस दाणे एका बाजूला, मधाच्या रंगाचे दुसऱ्या बाजूला, असे पसरले. शेजारी सोलं वाळत होती.

संध्याकाळी सनोबर आली आणि चपला न काढता तशीच थबकली.

"अम्मा, ह्यां असां सुकवतत काय? वायच फोनवर बघूया गो आदी."

"वाळवण माका शिकवतलंस तू?" बिबीजान म्हणाली. "उन लागल्याबिगर वास जायना. तुझ्या फोनाक काय म्हायत."

सनोबर हसली. आईच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी जरा रंग आला होता, तो तिला घालवायचा नव्हता. तिने फोन पिशवीत टाकला.

दोन-चार दिवस मी उन्हात पडून होतो. मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो. एकेक दाणा आतून आकसत गेला, हलका झाला, वाऱ्यावर घरंगळू लागला. आणि ती? ती दर थोड्या वेळाने येऊन तळहाताने हळूच दाणे वरखाली करायची. कावळे हाकलायची. एखादा दाणा चादरीबाहेर गेला, तर वाकून उचलायची, फुंकर मारून परत ठेवायची. नुरुद्दीनने कधी घेतली नसेल इतकी काळजी तिने माझी घेतली. त्या काळजीनेच माझा घात होत होता, आणि हे तिला सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

मग तिने वाळलेले दाणे परत नळ्यांत भरले, झाकणं घट्ट केली आणि पाणी सोडलं.

कोरड्या दाण्यावर साधं पाणी एकदम पडलं, की तो अधाशासारखं पितो. बाहेरचा भाग फुगतो, आतला फुगत नाही, आणि दाणा फुटतो. माझ्या पोटात तडतड सुरू झाली. गरम तेलात मोहरी पडावी तशी. वरून खालपर्यंत, दोन्ही नळ्यांत. ते आवाज माझ्या मरणाचे होते.

बिबीजानने नळीला कान लावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आयक गो सनोबर," ती म्हणाली. "तान लागली होती ह्यांका. बघ कशी पितत."

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

पुढे तिने खिडकीतून पाहिलेली आंघोळही मला घातली, हातात जाड मोजे घालून, जपून. पण फुटके तुकडे पाण्याबरोबर वाहून जात होते. तोटीखालच्या फडक्यात चुरा जमे, तो ती शेवाळाचा उरलेला मळ समजून झटकून टाकी. माझ्या नळ्या दर आठवड्याला रित्या होत गेल्या. पाणी मधल्या पोकळीतून सरळ खाली उतरे, जसं आलं तसं. मी नुसती वाट झालो होतो.

तिला तपासायचं नव्हतं असं नाही. तिने तिच्या परीने तपासलं. तोटीखाली ओंजळ धरून एक घोट चाखला. तोवर पाऊस लागून विहिरी गोड झाल्या होत्या. आमच्या या किनाऱ्यावर मार्चपासून विहिरी मचूळ होतात, म्हणून इथल्या माणसाला पाण्याची एकच परीक्षा येते: गोड की खारं. नुरुद्दीनच्या वेळी माझं पाणी जिभेला काहीच लागत नसे, बेचव असे. आता ते गोड लागलं. "आदीपेक्षा बरां झालां," असं म्हणून बिबीजानने समाधानाने बाटल्या भरायला घेतल्या. गोडवा येतो तो पाण्यातल्या क्षारांमुळेच, हे ती कुठून जाणणार?

नारळी पौर्णिमा झाली, नारळ समुद्रात पडले, होड्या बाहेर निघाल्या. पहिली बाटली न्यायला मंगेशच आला. बिबीजानने ती दोन्ही हातांनी त्याला दिली.

"नुरूभाई गेलो, पण पाणी ऱ्हवलां," तो म्हणाला.  त्याने आरशाकडे पाहिलंसुद्धा नाही. आरशावर थेंब टाकून तिच्या पाण्याची परीक्षा घेणं त्याला त्या घडीला अपमानाचं वाटलं असावं.

बॅटरी एका दिवसात मरत नाही. महिना-दोन महिने ती आतल्या आत कुजते आणि ऐन वेळी हात वर करते. दिवाळीच्या तोंडावर समुद्रात वारं उठलं तेव्हा मंगेशची होडी निवतीच्या समोर खोल पाण्यात होती. बाकीच्या होड्यांनी इंजिनं चालू केली आणि किनारा धरला. मंगेशने चावी फिरवली, तर नुसतं टकटक. वायरलेस मुका, दिवे मुके. होडी वाऱ्याबरोबर वाहत गेली.

ती बातमी बंदरावर आली तशी बिबीजान डोक्यावर ओढणी घेऊन जेटीवर गेली. मंगेशची बायको शेवंती तिथे आधीच बसलेली होती. दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. एकीचं देवाला गाऱ्हाणं चाललं होतं, दुसरीची दुआ. दुसऱ्या दिवशी दुपारी एका मोठ्या ट्रॉलरने मंगेशची होडी दोर लावून ओढत आणली. माणसं सगळी जिवंत होती, जाळी गेली होती. शेवंतीने बिबीजानच्या गळ्यात पडून सांगितलं, "भाभी, तुमच्या दुव्यान इलो गो तो." हे सगळं बिबीजाननेच घरी येऊन सनोबरला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. सांगताना ती किती आनंदात होती.

मालवणच्या बाजारात मिस्त्रीने बॅटरी उघडली. पट्ट्या कुजून भाकरीच्या पापुद्र्यासारख्या सुटत होत्या. "पाण्यान खाल्ली," एवढंच तो म्हणाला. मंगेशला कळायचं ते कळलं, आणि हळूहळू साऱ्या बंदराला.

आता तुम्हाला वाटेल, गिऱ्हाइकं तुटली असतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. उलट खप वाढला. मंगेश पूर्वी एक बाटली न्यायचा, आता दोन नेऊ लागला. रिक्षावाले, होडीवाले, सगळे येत, बाटली घेत, "बरां मां भाभी?" विचारत आणि जात. बिबीजान सनोबरला अभिमानाने म्हणायची, "बघ, नाव ऱ्हवलां मां?" मी आतून रिकामा होत चाललो होतो आणि बाहेर माझी वाहवा चालली होती. आधी ज्या कौतुकाने मी फुगत असे, त्याच कौतुकाची आता मला लाज वाटे.

मग शेवंतीच्या घरी नात झाली. बिबीजान बाळाला बघायला देवबागला गेली. बाळाच्या अंगाखाली घालायला मऊ लुगडं आणायला म्हणून ती मागच्या खोलीत शिरली, आणि फळीवर तिला ओळीने लावलेल्या बाटल्या दिसल्या. हिरवी अक्षरं, 'नूर'. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं. कुणी तरी त्यांच्यावरची धूळसुद्धा वेळच्या वेळी पुसलेली होती.

तिने बाळाच्या हातावर पैसे ठेवले, एक बाटली पिशवीत घातली आणि निघाली. मंगेशने ते पाहिलं. तो तिच्या मागोमाग रिक्षाने आमच्या घरी आला. दोघं माझ्या पडवीत आली, तेव्हा दुपारचं ऊन खळ्यात पडलं होतं.

तिने बाटली बाकड्यावर ठेवली. "ह्यां काय मंगेश? घेतंस आणि वापरणस नाय?"

मंगेशने खाली मान घातली.

"माका सांग. बरां नाय पाणी?"

"भाभी," तो म्हणाला, "नुरूभाईच्या नावाचां पाणी बरां नाय, ह्यां मी खंयच्या तोंडान सांगू?"

"म्हणान सगळ्यांनी मिळान माका फसवलास?"

"फसवूक नाय गो. तुमका दुखवूचां नव्हतां."  "आणि फेकून देवक हात होयना. नाव आसा त्याच्यार."

तिने बाटलीवरच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पण पाणी गोडां आसा रे. मी सोता चाखलंय."

मंगेशने वर पाहिलं. आता त्याला सगळं समजलं असावं. त्याने खिळ्यावरून आरसा काढला, आपल्या सदऱ्याने पुसला, बाटलीचं सील तोडून त्यावर एक थेंब टाकला आणि आरसा खळ्यात उन्हात ठेवला. बिबीजान त्या खेळाकडे बघत होती. इतकी वर्षं तिने तो खिडकीतून पाहिला होता, जवळून पहिल्यांदाच.

दोघं शेजारी उकिडवी बसून राहिली. मंगेश हळू आवाजात तिला आरशाचा अर्थ सांगत होता. थेंब कडेकडेने आत सरकत गेला, लहान झाला, नाहीसा झाला. मागे पांढरं कडं राहिलं, ठसठशीत.

बिबीजानने पदराने ते पुसलं. नीट गेलं नाही. तिने पुन्हा पुसलं.

"आरसो खराब झालो," ती म्हणाली. "खराब झालो तर माका सांग म्हणत होते ते. आता मी सांगू कोणाक?"

मंगेश तोंड फिरवून खाडीकडे बघत राहिला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझं झाकण उघडलं. तळाशी जे उरलं होतं ते सुपात घेतलं आणि उजेडात आणलं. जन्मभर तांदूळ निवडलेल्या बाईला अख्खा दाणा आणि कणी यांतला फरक शिकवावा लागत नाही. सुपात सगळी कणी होती. तिने एक तुकडा चिमटीत धरला, अर्धगोल, कडा धारदार. तिचा हात थांबला. ती उठून खळ्याकडे बघू लागली, जिथे पांढरी चादर अंथरली होती. आता ती तडतड तिला पुन्हा ऐकू येत होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

सनोबरने त्या दिवशी नोकरीला दांडी मारली. आईच्या शेजारी बसून तिने फोन उघडला आणि जे मेमध्ये वाचायला हवं होतं ते वाचलं. "दाणे सुकवूचे नाय म्हणतत, अम्मा. आणि सुकलेच, तर..." ती थांबली.

"तर काय?"

"तर आदी मिठाच्या दाट पाण्यात भिजवूचे. मगे हळूहळू गोडां पाणी घालूचां. मगे फुटणत नाय."

बिबीजानने मान वर केली. आमच्या परसाच्या कुंपणापलीकडे खाडी आहे, आणि तिच्या तोंडाशी समुद्र. भरती होती.

"मीठ?" ती म्हणाली. "दर्या दारात आसा गो माझ्या."

जन्मभर मी मिठाशी लढलो. त्या एका दिवशी मूठभर मीठ माझ्या वाट्याला आलं असतं, तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो, काम करत असतो.

बाटल्या बंद झाल्या. नळ्या बाहेर माडाखाली आल्या, एक आणताना चिरली. बंदरावर आता पुन्हा घाटावरचं पाणी येतं. मंगेश अजून येतो. बिबीजान त्याला विहिरीचं साधं पाणी तांब्यातून देते, तो बाकड्यावर बसून सगळं पितो आणि "गोडां आसा भाभी," म्हणतो. आता ते म्हणायला हरकत नाही. पिण्याचं पाणी गोडच असावं.

मित्रांनो, माझ्यासारखा जुना प्लांट तुम्हाला कुठे दिसला, तर त्याला पुसा-झाडा एवढंच मी सांगणार नाही. पुसणं-झाडणं माझ्या वाट्याला पुष्कळ आलं. ज्याला जपायचं आहे, त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, ते आधी विचारून घ्या. यंत्र असो नाहीतर माणूस. आणि तुम्हाला ते ठाऊक असेल, तर घरच्यांना सांगून ठेवा. हात भाजतील म्हणून आपल्या माणसाला दाराबाहेर ठेवू नका. त्यांचे हात एकदा भाजले असते तरी चाललं असतं, इतकं नंतरचं दुःख मोठं असतं. आणि कुणाला दुखवायचं नाही म्हणून खोट्याला खरं म्हणू नका. मंगेशने पहिल्याच दिवशी आरसा पुढे केला असता, तर ती रडली असती, पण निदान आपल्या माणसांत रडली असती.

त्या सुपातल्या कणीतून बिबीजानने दिवसभर बसून अख्खे दाणे वेचले. मूठभरसुद्धा निघाले नाहीत. ते तिने लोणच्याच्या एका छोट्या काचेच्या बरणीत घातले, वर पाणी ओतलं आणि स्वयंपाकघराच्या त्याच खिडकीत ठेवले, जिथून ती नुरुद्दीनला बघायची. ते आता कशाच्याही उपयोगाचे नाहीत, हे तिला ठाऊक आहे. तरी रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ती बरणी उचलून उजेडात धरते, आणि पाणी बोटभर जरी खाली गेलेलं दिसलं, तरी लगेच भरून ठेवते.